शून्य ते दहा

आई, काल मी तीन महिन्यांनी पुन्हा वर्गावर उभी राहिले. नांदेडच्या ज्या क्लासमध्ये मी रसायनशास्त्र शिकवते, तिथंच एक दिवस खडू हातात तसाच राहिला आणि मीच फळ्यावर लिहिलेलं मला वाचता येईना. समोर दोनशे पोरं. कुणीतरी पाणी आणून दिलं. त्यानंतर मी घरीच होते. गोळ्या चालू होत्या, आणि दाराची बेल वाजली तरी छातीत धस्स व्हायचं.

रजा संपत आली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी एक कागद पुढं केला. कामावर परतायचा किती भरवसा वाटतो, ते शून्य ते दहात लिहायचं. शिकवू शकाल? दिवसभर शिकवू शकाल? चुकलं तर सावराल? जास्तीच्या कामाला नाही म्हणाल? मी सगळीकडं दहा लिहिले. बाईंनी कागद परत सरकवला. म्हणाल्या, "मॅडम, ही परीक्षा नाही. कमी लिहिलं म्हणून कुणी नापास करत नाही. आधार कुठं लागेल ते कळतं, बस."

तेव्हा तू आठवलीस. तू औशाच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होतीस. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर कितीतरी दिवस तू बोर्डावरून उठली नाहीस. पुण्या-मुंबईहून माणसं गावांची नावं घेऊन रडतायत आणि तू प्रत्येकाला सांगतेयस, तिकडची लाईन बंद आहे. मग एका सकाळी तुला हेडफोन कानाला लावता येईना. तू घरी बसलीस, भिंतीकडं तोंड करून. दिवाळी गेली, संक्रांत गेली. साहेबांनी निरोप धाडला, येणार का नाही तेवढं कळवा. तुला विचारलेला प्रश्न तेवढा एकच. तू गेलीस आणि दुपारीच परत आलीस. पण दुसऱ्या दिवशी पदर खोचून पुन्हा निघालीस. शाळेत सोडायच्या आधी मला घेऊनच साहेबांपुढं उभी राहिलीस. म्हणालीस, "एक तास बसते साहेब. मग उठते. उद्याचं उद्या बघू." साहेबांनी मान डोलावली. उन्हाळा लागेपर्यंत तू पूर्ण पाळी करत होतीस.

मी कागद पुन्हा भरला. शिकवायला सात, दिवसभराला तीन, नाही म्हणायला एक. तोच घेऊन क्लास चालवणाऱ्या सरांकडं गेले. ते म्हणाले, "पोरांचं वर्ष हाय मॅडम, सहा बॅच तुमच्याच नावानं लावून राहिलो."

"दोन घेते, सर. महिन्याभरानं हाच कागद पुन्हा भरते, मग तिसरीचं बघू."

सरांनी तोंड वाकडं केलं, पण चार बॅच दुसऱ्यांना दिल्या. काल दुसऱ्या बॅचला मधेच आवाज बसला. पाणी प्यायले, पोरांना थांबा म्हटलं, आणि रसायनातलं गणित पुरं केलं. उद्या परत जायचंय. जाणार आहे.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. तू घरी होतीस तेव्हा मी शाळेत सगळ्यांना सांगितलं होतं, आईला कावीळ झालीय. मला लाज वाटायची. एक दिवस आमच्या वर्गाच्या बाई पथ्याचा ऊस घेऊन घरी आल्या. तू माझ्याकडं एकदा बघितलंस, त्यांच्या हातून तो ऊस घेतलास, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं काविळीचं पथ्य त्यांना नीट सांगत बसलीस.