एका डोळ्याने पाहिलेली देवयानी

ती. ताईस,

मागच्या पायरीवर बसून तू माझ्या वेण्या घालायचीस, ते आठवतं का गं? रिबिनी तुझ्या तोंडात असायच्या, त्यामुळे रागवायचं झालं तरी नुसती हुंकारायचीस. एकदा पहाटेच्या अंधुक उजेडात एक काळी आणि एक गडद निळी बांधलीस, आणि प्रार्थनेच्या रांगेतून सिस्टरने मला बाहेर काढलं. (यातली निळी कुठली, असं मी तिलाच विचारलं, म्हणून शिक्षा वाढली.) असो. तुला आणि भावोजींना मनापासून नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? भावोजींनी पंख्याखाली झोपणं सोडलं का?

इकडे ह्यांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन छान झालं. त्यानंतर जे झालं ते फोनवर सांगता येत नाही, कारण हे शेजारीच बसलेले असतात, म्हणून हे पत्र.

ह्यांच्या दुर्बिणीचं वेड तुला माहीत आहेच. गच्चीवर बसून देवयानी दीर्घिकेचा, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांच्या त्या दूरच्या अफाट मेळ्याचा, उजेड थोडा थोडा जमवायचा आणि संगणकावर एकावर एक रचायचा. सुरुवातीला दिसतो नुसता काळा चौकोन. (मी एकदा "छान आलाय" म्हणाले, तेव्हा संगणक बंद होता.) मग तो हळूहळू उजळवायचा. घाई केली की सगळे तारे सांडलेल्या मिठासारखे पांढरेफटक होतात. पण हे एकेका ताऱ्याला जपतात. म्हातारे तारे नारिंगी राहिले पाहिजेत, तरुण निळसर. एवढ्या लांबून जो रंग घेऊन आले तो आपण दारात पुसून घ्यायचा नाही, असं म्हणतात. भाजीत मीठ आहे की नाही हे ज्या माणसाला कळत नाही, त्याची ही नजर पाहून मला आजही कौतुक वाटतं.

आता खरी गंमत. माहीत असलेल्या ताऱ्यांच्या रंगावरून संगणक सगळ्या चित्राचा रंग आपोआप जुळवून देतो. पण ते चित्र ह्यांना नेहमी पिवळट वाटायचं. यंत्राला काय कळतं, म्हणून शेवटचा हात स्वतःच्या डोळ्यांनी फिरवायचा, थोडं निळं घालायचं आणि खाली कोपऱ्यात ठसठशीत लिहायचं, 'रंग नैसर्गिक'. ह्यांच्या आकाशदर्शन मंडळात एक दातांचे डॉक्टर आहेत, ते सगळं आकाश जांभळं करतात. ह्यांनी त्यांना भर बैठकीत विचारलं होतं, हा दीर्घिकेचा फोटो आहे की सरबताची जाहिरात? तो भला माणूस एवढंच म्हणाला, की दिवसभर पिवळेपणाशीच गाठ असते माझी, काका, तुमच्या देवयानीच्या मधोमध पिवळं असायला हवं तिथे काहीच नाही. तेव्हापासून ह्यांचा त्यांच्याशी अबोला, आणि माझी दाढ दुखत राहिली.

डोळ्याची पट्टी निघाली त्या सकाळी हे एकदा हा डोळा मिटत होते, एकदा तो. मी मलईरंगाचा समजून आणलेला पडदा पांढरा निघाला. (मोतीबिंदू मलाही असणार, पण सध्या तो विषय नको.) मग माझ्याकडे वळले.

"उजव्याने तू पिवळी दिसतेस," म्हणाले, "डाव्याने अगदी पूर्वीसारखी."

हे कौतुक की निरीक्षण, ते मी विचारलं नाही. तोवर हे संगणक सुरू करून दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावून बसले होते. डाव्या डोळ्याला यंत्राचं चित्र बरोबर दिसत होतं आणि ह्यांचं निळंशार. इतकी वर्षं डोळ्यातला पिवळेपणा खोडायला ह्यांनी आकाशाला नीळ लावली होती. दुसरा कोणी गुपचूप बसला असता. हे जेवले नाहीत. उठून वाचनालयात गेले. तिथे वर्तमानपत्रांच्या शेजारी ह्यांची भलीमोठी देवयानी टांगलेली आहे. खुर्चीवर चढून सगळ्यांदेखत 'रंग नैसर्गिक'वर चिठ्ठी चिकटवली, 'वरील जादा निळा रंग आकाशाचा नसून माझ्या मोतीबिंदूमुळे आलेला आहे.' तिथून दवाखान्यात, दाढ दुखणाऱ्यांच्या रांगेत बसून डॉक्टरांची माफी मागायला.

"दुसरा डोळाही होऊ द्या, काका," ते म्हणाले. "तोवर मीही जांभळं जरा कमी करतो."

ताई, अशा माणसाशी लग्न झालं याचा मला त्या दिवशी फार अभिमान वाटला.

तुझी,
धाकटी

ता. क. नातेवाइकांत वाटलेले सगळे निळे फोटो परत मागवून हे स्वतःच्या हाताने फाडणार आहेत. तुमच्या दिवाणखान्यातलाही. त्याला जुळावी म्हणून भावोजींनी भिंत रंगवून घेतली, हे मी ह्यांना अजून सांगितलेलं नाही.

ता. क. २. तुमचा तो पहिलाच फोटो. तेव्हा मी रोज थर्मास घेऊन ह्यांच्या शेजारी बसायचे. तो फाडू द्यायचा नाही. काच फुटली, कागद भिजला, काय वाटेल ते सांग. तू खोटं बोललीस की चेहऱ्यावर दिसत नाही, माझ्या दिसतं.

सोबतच्या नळकांड्यात नवे फोटो आहेत. मोठा भावोजींना, भिंतीबद्दल क्षमा मागून. मधला तुझ्या सुनेला. लहान दोन तिच्या मुलींना, भांडण नको म्हणून अगदी सारखे. आणि तो निळा चादरीत गुंडाळून माझ्या नावाने दातांच्या डॉक्टरांच्या पत्त्यावर पाठव. त्यांना सांगून ठेवलंय.