सुई उडू नये म्हणून

१० नोव्हेंबर, सोमवार

सुवर्णाचा गुडघा सत्तर अंशांपुढे वाकत नाही. आज वेदिकाने मोजून सांगितलं. गुडघा बदलल्याला पाच आठवडे झाले, एव्हाना नव्वदच्या पुढे जायला हवा होता. वेदिका फिजिओथेरपिस्ट, एक दिवसाआड घरी येते. बोलायला गोड, मापाला कडक.

"काकू, घरात फेऱ्या मारता ना? सकाळ-संध्याकाळ?"

"मारते की."

मी पेपर वाचत होतो. वाचत राहिलो.

फेऱ्या ती मारत नाही. मला माहीत आहे. का मारत नाही तेही माहीत आहे.

११ नोव्हेंबर

काल अर्धवट ठेवलं. पेपरात होतो तेव्हा दुसऱ्याची अशी बातमी असती तर 'कारण काय ते लिहा' म्हणून परत पाठवली असती.

तर कारण. श्रोते मंडळाच्या जुन्या रेकॉर्ड संगणकावर उतरवून द्यायचं काम मी घेतलंय. डिसेंबरअखेर त्यांचा कार्यक्रम, त्याआधी द्यायचं. रेकॉर्डप्लेअर हॉलमधल्या शोकेसवर. शोकेस उंच, पाय बारीक, खालची फरशी पोकळ. सुवर्णा हॉस्पिटलातून आली त्याच आठवड्यात तिचा वॉकर त्या फरशीवर टेकला आणि सुई उडाली. अख्खी बाजू वाया. मी म्हणालो, "अगं, जरा थांब ना, उतरवतोय."

आवाजही चढवला नव्हता. पण पुन्हा कधी म्हणावं लागलं नाही. रेकॉर्ड लागली की ती बसते. मधे एकदा फ्रिजला धरून उभी दिसली — बाजू संपेपर्यंत तशीच. आणि मी काय केलं? थँक्यू म्हणालो.

वर तीच म्हणते, "लावा ना एखादी." किती सांभाळून घेते, असं मी मंडळात कौतुकाने सांगितलंय.

१२ नोव्हेंबर

ती चालेपर्यंत काम बंद ठेवावं, हा सरळ उपाय होता. सुचला होता. लिहून ठेवतो, कारण मी तो केला नाही. मी प्लेअर हादरू नये असा स्टँड शोधायला निघालो.

गंगापूर रोडला महागड्या म्युझिक सिस्टिमचं एक दुकान आहे, आत गेलं की आपोआप हळू बोलायला लागतो आपण. काळे लोखंडी स्टँड, खाली अणकुचीदार पाय, वर काच. तिथला पोरगा म्हणाला, "सर, तुमचा फ्लोअर सस्पेंडेड आहे की सॉलिड? म्हणजे पोकळ की भरीव?"

मी म्हटलं, तिसरा मजला.

त्याने मान हलवली. अणकुचीदार पाय प्लेअर घट्ट रोवून ठेवतात, म्हणाला. पण जमीनच हादरत असेल तर तो हादरा ते वर पोचवणार, एवढं मलाही कळलं. तसं मी म्हटलं, तर त्यानेच विचारलं, "घरात कोणी जोरात चालतं का सर?"

"नाही," म्हणालो. "कोणीच चालत नाही."

बाहेर येऊन बराच वेळ स्कूटरला किल्ली लावली नाही.

१३ नोव्हेंबर

वाल्मीककडे गेलो. शाळेपासूनचा मित्र, सातपूरला त्याचं वर्कशॉप. मूळ निफाडकडचा, बोलणं अजून तिकडचंच. मशिनखाली बसवतात ते जाड रबरी पाय त्याने हातावर ठेवले.

"ह्याच्यावर माझा कॉम्प्रेसर नाचतो नि शेजारच्या चहात तरंग उठत नाय. तुझं ते खेळणं काय चीज हाय?"

"खेळणं नाही ते."

"बरं, बाजा. शनिवारी येतो. वहिनींना म्हणावं भजी."

"वहिनींचा गुडघा—"

"मग तू तळ."

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज जे केलं ते लिहायला जीव होत नाही.

वाल्मीकने शोकेसखाली चार रबरी पाय बसवले. रेकॉर्ड लावली. आता तपासायचं कसं? आम्ही दोघांनी एकदमच सुवर्णाकडे पाहिलं.

"वहिनी, चला बरं जरा."

ती उठली. वॉकर घेऊन पॅसेजच्या टोकापर्यंत गेली. सुई उडाली.

"हळू वहिनी, हळू."

"हळूच चालतेय हो. पाय काय माझा आहे? त्यांनी बसवलाय."

वाल्मीक हसला. मग म्हणाला, ओझं कमी पडतंय, एवढ्याशा वजनाला हे रबर दबतच नाय. ओट्याचा उरलेला कडप्पा बाल्कनीत होता, तो आणून प्लेअरखाली ठेवला. "वहिनी, पुन्हा." ती पुन्हा गेली, पुन्हा आली. रबर दबलं, पण आता वरचं ओझं बोटीसारखं डुलायला लागलं. "वहिनी, फक्त इकडून तिकडे."

आठवडाभरात चालली नसेल एवढी ती आज चालली — माझ्या सुईसाठी. शेवटी खुर्चीत बसली तेव्हा कपाळावर घाम होता. मला तो दिसला. आणि मी वाल्मीकला विचारलं, "कितव्या मिनिटाला उडाली रे?"

भजी मी तळली. कच्ची राहिली. सगळ्यांनी खाल्ली.

१६ नोव्हेंबर, रविवार

वाल्मीक पुन्हा हजर. विचार करून आला होता.

"जमिनीशी संबंधच तोड. भिंतीला लाव."

लोखंडी अँगलचे दोन ब्रॅकेट वर्कशॉपमधून करून आणले होते. मधली भिंत ठोकून पाहिली, पातळ वाटली, म्हणून बाहेरची धरली. भोकं पाडताना घरभर धूळ. सुवर्णा तोंडावर पदर धरून बघत होती. तिला म्हटलं, "हे तुझ्यासाठीच चाललंय."

ब्रॅकेटवर कडप्पा, कडप्प्यावर प्लेअर. रेकॉर्ड लावली. या वेळी तिला उठवलं नाही. वाल्मीकने पोकळ फरशीवर दोन उड्या मारल्या. खालच्या मजल्यावरून तक्रार आली, सुई हलली नाही!

आज झोप लागेल.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

संध्याकाळी रेकॉर्ड लावली आणि म्हटलं, "चाल आता बिनधास्त."

ती बसून राहिली.

"अगं, आता काही होत नाही."

"कळलं ना. बसू दे जरा."

बाजू संपली. ती म्हणाली, "दुसरी बाजू लावा ना."

एका वाक्यात मी तिला जी सवय लावली ती अँगल आणि कडप्प्याने जाणारी नाही. भिंतीकडे बघवत नाही. स्टँड उत्तम झालाय. त्याचं काय करू?

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

डॉक्टरांकडे गेलो होतो. गुडघा आतून धरलाय म्हणाले. आता भूल देऊन वाकवावा लागेल, मंगळवारीच. "चालणं का नाही झालं?" त्यांनी तिला विचारलं.

मीच उत्तर दिलं. सगळं सांगितलं — सुई, फरशी, 'थांब ना' म्हणालो ते. चूक माझी आहे, म्हणालो. डॉक्टर एक्स-रे पाहत होते. पाहत राहिले. सुवर्णा मात्र माझ्याकडे बघत होती. रागाने नव्हे. आपलं बिल भलत्याच कोणी भरून टाकावं, तसं काहीतरी.

वाल्मीकला फोनवर सांगितलं. "म्हणजे आमची मेहनत फुकट गेली का रे?" मग म्हणाला, "तू लय मनाला लावून घेऊ नको."

लावून घेतो. दुसरं काय करणार?

२४ नोव्हेंबर, सोमवार

आत्ता, बॅग भरताना सुवर्णा बोलली. जसं बोलली तसं लिहितो.

"तुमच्यामुळे नाही हो. चाललं की इतकं दुखायचं, वाटायचं ओरडावं. तुम्ही त्या दिवशी थांब म्हणालात ना, मला सुटल्यासारखं झालं. मग मीच म्हणायला लागले, लावा एखादी. गाण्यात माझं लक्षसुद्धा नसायचं. तुम्ही भिंतीला भोकं पाडलीत तेव्हा म्हटलं, गेलं, आता बसायला निमित्त नाही."

मी म्हटलं, मग सांगायचं नाही का?

"वेदिका विचारते दर वेळी, दुखतं का. तिला नाही म्हणते, लहान आहे ती. तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं."

उद्या सकाळी सात वाजता भरती. त्याच दुपारी तिला उभं करून चालवणार, असं डॉक्टरांनी सांगितलंय. ती म्हणते, खूप दुखेल, ओरडेन मी. ओरड म्हणालो. मी शेजारी असणार आहे.