तेराव्या ओळीपासून

प्रिय धाकट्या,

परवा रविवारी तुझ्याकडे दोन तास बसले. तुझ्या लेकीच्या पडलेल्या दातापासून जिन्याच्या कठड्यापर्यंत सगळ्यावर बोलले आणि जे बोलायला आले होते, ते तसंच परत घेऊन गेले. म्हणून हे पत्र. काय सांगायचंय ते मला तरी कुठे धड कळलंय म्हणा! लिहिता लिहिता कळेल, अशी आशा.

गेले आठ महिने माझा सराव बंद पडल्यातच जमा होता. दिवसभर दुकानात चष्म्याच्या काचा घासायच्या, सहाला घरी यायचं, व्हायोलिन सुरात लावायचं आणि दहा मिनिटांत परत पेटीत ठेवायचं. आधी वाटलं, दमणूक असेल. म्हणून पहाटे उठून पाहिलं. फ्रिजवर वेळापत्रक चिकटवलं, मोबाइलला गजर लावले, नव्या तारा आणल्या. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, माझे चारच भरले. लोकांना कळतं पण वळत नाही; मला तर कळतही नव्हतं.

मग एका संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या बाई दारात उभ्या. तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेल्या. मला वाटलं, आली तक्रार. तर म्हणतात कशा, “अहो, तुम्ही रोज एकाच जागी अडखळता. आणि अडखळलात की पुन्हा पहिल्यापासून! एक वळण चुकलं म्हणून बस पुन्हा डेपोपासून आणायची का? आम्ही शिकताना नुसतं वळणच घ्यायचो, वीस-वीस वेळा.” सुराबिरातलं आपल्याला काही कळत नाही, हेही त्यांनीच सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी मी स्वरलिपीतल्या थेट तेराव्या ओळीपासून, अडखळायचे तिथूनच, सुरुवात केली. तेवढीच ओळ, अगदी सावकाश, पंधरा मिनिटं. आणि अजून वाजवावंसं वाटत असतानाच थांबायचं, म्हणजे उद्या हात आपणहून पेटीकडे जातो. जातो रे खरंच! तिसऱ्या आठवड्यात बोटं त्या ओळीतून अलगद पार झाली. इतका आनंद झाला, आणि पाठोपाठ काहीतरी चोरल्यासारखं वाटलं. हे काय, ते मला उमगेना. सराव होत नव्हता तेव्हा वाईट वाटायचं, आता होतोय तरी वाईटच. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

कुठली ओळ ते तुझ्या लक्षात आलंच असेल. आपण दोघं वाजवायचो त्या रचनेत तिथे दुसरं व्हायोलिन, म्हणजे माझं, गप्प होतं आणि पहिलं, तुझं, एकटं वर चढत जातं. लहानपणापासून तिथे मी गज मांडीवर ठेवून तुझ्याकडे बघत बसायचे. मला मनापासून वाटायचं, निम्मं तरी मीच वाजवतेय. ती ओळ माझी कधी नव्हतीच.

तुझी दोन बोटं करवतीत गेली, त्यानंतर महिन्याभरात आपल्या वाद्यवृंदाच्या सरांनी मला पहिल्या व्हायोलिनच्या, म्हणजे तुझ्या, खुर्चीबद्दल विचारलं होतं. मी ‘बघते’ म्हणाले, आणि आठ महिने बघतच राहिले. गेल्या गुरुवारी हो म्हणाले. तुला न विचारता. माझी दहाच्या दहा बोटं शाबूत आहेत याची मला लाज वाटत होती, हे आत्ता, हे वाक्य लिहिताना कळतंय. तुझी परवानगी मागत नाहीये. मागितली तर तू हसत देशील, आणि तेच मला सोसायचं नाही. मागायचंय ते वेगळंच. सर्वांत वरच्या सुराच्या आधी तू एक श्वास घ्यायचास. तो नेमका कुठे? मी पन्नासदा शोधला, मला सापडत नाही. कागदावर तो लिहिलेला नाही, आणि तुझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. येऊन सांग, फोनवर सांग, चिडला असशील तर चिडून सांग. पण सांग.

तुझीच, अजून गोंधळलेली,
ताई