काडेपेटीतलं शेपूट

मी, खाली सही करणारी, वय अडुसष्ट, धंदा इंजिनातल्या बोल्टच्या भोकांचे झिजलेले आटे दुरुस्त करणे, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. माझ्यावर दडपण आणायची कोणाची बिशाद नाही, हे घरच्यांना ठाऊक आहे.

एक. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक मुलीला. मागची खिडकी लागत नाही. बिजागरी बदलावी, खिळे ठोकू नयेत.

दोन. बोल्ट किती आवळला ते दाखवणारा टॉर्क पाना जावयाला, सक्तीने. "अजून थोडा आवळतो" म्हणत या गृहस्थाने माझ्या डोळ्यांदेखत तीन चांगल्या भोकांचे आटे घालवले. ॲल्युमिनियम आहे ते, बाबा! सांगून सांगून तोंड दुखलं.

तीन. दुकान, ड्रिल मशीन आणि आटे पाडायच्या टॅपचा सगळा संच माझ्या धाकट्या भावाला. मुलगी ओरडेल, "आई, मामाला? एकवीस वर्षं तू त्याच्याशी बोलली नाहीस!" म्हणून कारण लिहिते.

खराब भोक मोठं करून, नवे आटे पाडून, त्यात तारेची गुंडाळी बसवतात. गुंडाळीच्या टोकाला शेपूट असतं, ते मोडून बाहेर काढायचं. आमचा शिरस्ता असा, की मोडलेली शेपटं डबीत टाकायची आणि इंजिन बंद करण्याआधी मोजायची. एका टॅक्सीत एक शेपूट आत राहिलं आणि सिलिंडर ओरबाडला गेला. इंजिनाच्या हेडच्या बोल्टांच्या चार गुंडाळ्या भावाने बसवलेल्या, स्पार्क प्लगच्या दोन मी. मी गिऱ्हाइकासमोर त्याला म्हटलं, "चालता हो." तो म्हणाला, "ताई, मी मोजली होती." आणि गेला.

त्याच संध्याकाळी ते शेपूट नीट पाहिलं. त्याच्या गुंडाळ्या जाड तारेच्या होत्या. हे बारीक होतं. माझं होतं. उद्या जाऊन सांगू, परवा सांगू म्हणत राहिले. जगाच्या चुका काढायला जीभ कशी चुरुचुरु चालते माझी!

चार. ते शेपूट काडेपेटीत आहे. माझ्यामागे मुलीने ते मामाला द्यावं आणि कलम तीन वाचून दाखवावं.

साक्षीला बोलावलेला शेजारचा रेडिएटरवाला हे वाचून म्हणतो, "बाई, भाऊ दोन गल्ल्या सोडून राहतो. मरायची वाट कशाला बघायची?" याला नको तिथे नाक खुपसायची खोडच आहे.

कलम चार रद्द. काडेपेटी घेऊन मीच जाते.

साक्षीदार: रेडिएटरवाला (सही). त्याची बायको (सही, हसत होती).
ठिकाण: दुकानातलं बाकडं.
तारीख: आजचीच. उद्याची घातली तर जाणं व्हायचं नाही.