चटईबद्दलचा मजकूर कबूल नाही

५ जानेवारी, सोमवार. पहाटे ५.१०
आजपासून बांध, वाटणी, वहिवाट बंद. जळगाव कोर्टात सव्वीस वर्षं एकाच्या विहिरीत दुसऱ्याचा हिस्सा शोधला, पुरे झालं. यापुढे फक्त ईएसजी. म्हणजे पर्यावरण, समाज आणि कारभार; या तिन्हींत कंपनी कशी वागते त्याचे नियम. जिल्ह्यात हे काम करणारा दुसरा वकील नाही. (चौकशी केलेली नाही, पण नसणारच.) रोज पहाटे युरोपच्या कायद्याची वीस पानं वाचायची.

६ जानेवारी
दोन पानं. डोळे चुरचुरतात. आधी चष्म्याचा नंबर बदलून घेतला पाहिजे, नाहीतर कायद्यावर अन्याय होईल.

८ जानेवारी
पहिला क्लायंट. नरडाण्याचे भाईदासनाना, प्लास्टिकच्या चटया बनवतात. मागे त्यांच्या बांधाची केस मीच लढवली होती. (अपिलात आहे.) चटया जर्मनीला जातात, अमेरिकेलाही. दोघांनी प्रश्नावल्या पाठवल्यात. जर्मनांना हवंय की कंपनीने बायकांना पुढे आणावं. अमेरिकन तिकडच्या सरकारला माल पुरवतो. तिथल्या नियमामुळे त्याला लेखी हवंय की बाई-पुरुष बघून कुणालाच झुकतं माप देत नाही. एकाला हो म्हणावं तर दुसरा जातो. वीस तारखेच्या आत उत्तरं गेली नाहीत तर दोन्ही ऑर्डरी गेल्या, आणि काठ शिवणाऱ्या चाळीस बाया घरी बसल्या.
नाना म्हणाले, साहेब, बठ्ठं आते तुमनावर शे. मी म्हणालो, नाना, सगळं माझ्यावर सोडा, निवांत झोपा.
सोबत त्यांची सून भूमिका होती. बीकॉम. कारखान्याचे ईमेल ती बघते. म्हणाली, जे खरं आहे तेच दोघांना कळवलं तर? कौतुक वाटलं. वकिली न शिकलेल्या माणसाचं मन किती निर्मळ असतं.

१० जानेवारी
नवी पाटी रंगवायला टाकली: 'नोटरी व आंतरराष्ट्रीय ईएसजी सल्लागार'. बायकोने, कामिनीने, विचारलं ईएसजी म्हणजे काय. नीट समजावलं. ती म्हणाली, मग पर्यावरणासाठी आधी गच्चीवरची तुमच्या जुन्या फायलींची पोती हलवा, उंदीर झालेत. संसारात विषयाची खोली कुणाला कळत नाही. पोती रविवारी.

१४ जानेवारी
संक्रांत. वाचन बंद. पोतीही.

१७ जानेवारी, शनिवार
कारखाना बघायला निघणार होतो. धुळ्याकडच्या रस्त्याचं काम चालू आहे असं कुणीतरी म्हणालं. तसंही मुरलेल्या वकिलाला जागेवर जावं लागत नाही. सातबारा बघितला की शेत दिसतं.

१९ जानेवारी
एका बैठकीत दोन्ही प्रश्नावल्या निकालात. जर्मनांची बहात्तर कलमं, अमेरिकनांची एकतीस. परदेशी पक्षकार चतुर. प्रश्न विचारत नाहीत, विधानच करतात: 'कंपनी बालमजूर ठेवत नाही. आपले म्हणणे द्या.' पण मीही काही काल सनद घेतलेली नाही. कैफियतीचा, म्हणजे दाव्याला द्यायच्या लेखी उत्तराचा, पहिला नियम: समोरच्याने लिहिलेलं काहीही मान्य करायचं नाही. मान्य केलं की अडकलात. प्रत्येक कलमापुढे ठोकून दिलं, 'यातील मजकूर खोटा व लबाडीचा असून आम्हास कबूल नाही.' इंग्रजीत तर आणखी दणदणीत वाटतं. नानांची सही झाली. भूमिका म्हणाली, पाठवण्याआधी एकदा वाचू द्या. मुदत उद्याची आहे, म्हणालो, आणि स्वतः पाठवून दिलं.

२२ जानेवारी
जर्मनीने ऑर्डर थांबवली. त्यांचं म्हणणं, कंपनीने स्वतःच्या सहीने कळवलंय की ती बालमजूर ठेवत नाही हे खोटं आहे. सांडपाणी नाल्यात सोडत नाही हेही खोटं. बायांना सारखी मजुरी देते हे तर लबाडीचं.
जर्मनांना कैफियत वाचता येत नाही.

२३ जानेवारी
अमेरिकेनेही थांबवली. 'झुकतं माप देत नाही' हे आम्हास कबूल नसल्याचं त्यांच्या मनाला लागलंय. मात्र एकाला सांगायचं बायांना पुढे आणत नाही आणि दुसऱ्याला सांगायचं झुकतं माप देतो, तेही एकाच दिवशी, एकाच सहीने, हे सगळ्यांना जमत नाही.
नानांचा फोन. हाई काय करी ठेवं साहेब, म्हणाले. बाया इचारी ऱ्हायन्यात, उद्या कामले येवानं का नही. लाज वाटली. मग कैफियत दुरुस्तीचा अर्ज जर्मनीत कुठे करतात ते शोधत बसलो.

२८ जानेवारी
भूमिकाने परस्पर दोन्हीकडे फोन लावले. दोघांना एकच मजकूर धाडला: काठ शिवायला आम्ही हात बघून माणूस घेतो, बाई की पुरुष ते बघत नाही. सध्या चाळीसच्या चाळीस बायाच आहेत, कारण असा काठ दुसऱ्या कुणाला जमलेला नाही. मजुरी नगावर, दर सगळ्यांना एक. वयाचे दाखले सोबत. जर्मन चाळीसच्या आकड्यावर खूश, अमेरिकन हात बघण्यावर. एकतीस तारखेच्या आत शपथेवर लिहून दिलं की ऑर्डरी सुटणार.
कायद्याच्या दृष्टीने अगदीच बाळबोध काम.

३० जानेवारी
भूमिका ऑफिसात आली. प्रतिज्ञापत्र नोटरी करून हवं होतं. शेवटी माझ्याशिवाय अडलंच. यावेळी शिक्का मारण्याआधी वाचून काढलं. शेवटचं कलम जर्मनांनी नव्याने घातलंय: ही उत्तरं तयार करताना वकिलाचा सल्ला घेतला होता का? खाली तिने लिहिलंय, पहिल्या खेपेला घेतला होता, या खेपेला नाही.
हे सगळं खरं असल्याचं तिने माझ्यासमोर शपथेवर सांगितलं. मी शिक्का मारून दिला.