नर सापडेपर्यंत

३ मार्च
आजपासून अ‍ॅडलेडच्या संग्रहालयात रुजू झालो. जंत विभागात कपाटंच्या कपाटं बरण्या, आणि प्रत्येक बरणीत कुठल्या ना कुठल्या कांगारूच्या पोटातले जंत. मला खिडकीजवळचं टेबल आणि चांगला सूक्ष्मदर्शक मिळाला. विभागप्रमुख रॉझलिंड टीगने चहासोबत घरचा लॅमिंग्टन केक दिला. म्हणाली, डेस्मंड, इथल्या वासाची सवय होते रे, माझ्या विनोदांची होत नाही. बाई आवडली मला.

१९ मार्च
कांगारूंच्या जाती वेगळ्या होत गेल्या, तसे त्यांचे जंतही. जात ठरवायची नरावरून, त्याच्या शेपटाकडच्या पंख्यासारख्या पसरट पडद्यावरून. माद्या ढीगभर मिळाल्या तरी नराशिवाय नवं नाव देता येत नाही. आणि जो पहिल्यांदा वर्णन करतो त्याचं आडनाव त्या नावामागे कायमचं लागतं. कपाटात जिकडे पाहावं तिकडे टीग, टीग, टीग. माझा नुसता जळफळाट झाला, खोटं कशाला बोलू.

७ एप्रिल
हॉकर गावच्या रस्त्यावर गाडीखाली मेलेली वॉलबी, म्हणजे लहान जातीची कांगारू, मिळाली. पद्धत अशी की जठर थेट रॉझलिंडच्या हवाली करायचं. नाही केलं. घरी जेवणाच्या टेबलावरच चिरलं, हातमोजे नाहीत, मधेमधे टोस्ट खात. घरच्या जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली एक जंत-मादी कुठल्याच गटात बसेना. तोंड एका घराण्याचं, शेपूट दुसऱ्याचं. दोन्ही घराणी वेगळी होण्याआधीची असणार ही. पण नर एकही नाही.

२२ एप्रिल
रॉझलिंडने विचारलं, त्या वॉलबीचं काय झालं रे? कुजली होती म्हणालो. हसून म्हणाली, अरे बाबा, कुजलेलीच तर आपल्या वाट्याला येतात. तिला संशय आलाय. येऊ दे. तिच्याकडे इतकी नावं आहेत, हे एक माझं.

९ मे
खोकताना एक जंत बाहेर आला. जिवंत, केसासारखा. काचेवर घेतला. तीच जात, मादी. माणसात हा जगायलाच नको होता. लगेच चित्र काढलं. डॉक्टरकडे जायला हवं, पण डॉक्टर हा जंत ओळखायला रॉझलिंडकडेच पाठवणार. आणि औषध घेतलं तर नर आतच मरून जाईल. नर सापडेपर्यंत थांबतो.

१७ मे
ताप. बरगड्यांखाली वळवळतात. सगळ्या माद्याच. रॉझलिंड भोपळ्याचं सूप घेऊन आली. म्हणाली, डेस, आरशात तोंड बघ जरा, चल दवाखान्यात, गाडी बाहेर उभी आहे. बोलत होती माझ्याशी, नजर मात्र टेबलावरच्या काचेवर — तिला बाहेर ढकलून दार लावलं.

२१ मे
उजव्या डोळ्यात काहीतरी सरकतं. रॉझलिंड रोज दार ठोठावते. नाव तूच दे, माझं काही नको, पण दार उघड, म्हणते. रडतेसुद्धा. मी फसणार नाही — तिला सगळंच हवं असतं —

२२ मे
नर. अखेर नर. सूक्ष्मदर्शकातून पंखा अगदी स्पष्ट. पण काच रिकामी आहे — तो डोळ्यातच —
अख्खा काढायला हवा. शेपूट तुटता कामा नये. चिमटा उकळून घेतलाय. ती दार फोडतेय. तिच्या आधी मला —