आबासाहेबांचा विडा

१२ जानेवारी, सोमवार

पोचले एकदाची! जयपूरच्या बनी पार्कमधली खोली सोडताना दोन बॅगा, उशी आणि माझा पाण्याचा पेला एवढंच घेतलं. पेला पाहून घरमालकीण हसली. हसू दे. मी दुसऱ्याच्या पेल्याने पाणी पीत नाही, हॉटेलात ताट रुमालाने पुसून घेते. साताऱ्याला घरी मला सोवळ्या काकू म्हणतात, वय सव्वीस असलं तरी.

आमेरच्या पुढे बसमधून उतरल्यावर दोन किलोमीटर चाल होती. वाटेत गावच्या शाळेतल्या बाई भेटल्या, गौतमी नावाच्या. न मागता त्यांनी माझी एक बॅग उचलली. गढीवाल्यांनी गावचं गायरान कुंपणात घेतलंय, म्हणून गाव फाटकाबाहेर धरणं धरून बसलंय आणि त्याही तिथेच निघाल्या होत्या. मी गढीत नोकरीला चाललेय हे कळूनही त्यांनी बॅग खाली ठेवली नाही.

गढी दृष्ट लागण्यासारखी आहे. सभोवती पिवळी मोहरी, गवतावर मोर, खोलीत गरम पाणी. सरदार हिंदुराव, म्हणजे आबासाहेब, यांचे पूर्वज मराठी फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. माझं काम दफ्तरातले मोडी कागद वाचून लावायचं आणि रोज तासभर आबासाहेबांशी मराठीत बोलायचं. कंपनीने काढून टाकल्यावर मोडी कधी पोटापाण्याला उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं.

सूनबाई विजयमाला कारभार बघतात. त्यांना आईसाहेब म्हणायचं. त्यांची मुलं निलय आणि शर्वरी माझ्याच वयाची, देखणी, आणि मराठी ऐकावी तर अशी : ‘मैथिलीजी, आप बसा ना, मतलब आरामात.’ आईसाहेबांनी मला हसायला लावलं आणि माझे दात बघितले. सगळे स्वतःचे का, म्हणाल्या. मी तोऱ्यात सांगितलं, अठ्ठावीसच्या अठ्ठावीस, एकही किडलेला नाही. अक्कलदाढा हाडातच आहेत, डॉक्टर म्हणाले आता वर येणार नाहीत. यावर त्यांचा चेहरा जरा पडल्यासारखा वाटला. मग पुढच्या दाताचा टवका कशाने उडाला तेही विचारलं. सायकलवरून पडले होते.

स्वयंपाक द्वारका करते. पन्नाशीची आहे, पण तोंडाचं पार बोळकं झालंय. पदर तोंडावर धरूनच बोलते, त्यामुळे काही कळत नाही. जेवण मात्र झकास.

१३ जानेवारी

किळस. दुसरा शब्द नाही.

दुपारी दफ्तरखान्याची किल्ली मागितली, तर आईसाहेब म्हणाल्या, आधी घरची एक रीत आहे. आबासाहेबांना दात नाहीत आणि जेवणावर विडा तर हवाच. तो कुणीतरी चावून चांदीच्या वाटीत द्यायचा, तो ते घेतात. चावणारी मराठी मुलखातून आलेली, बिनलग्नाची हवी. पूर्वी द्वारका चावायची, आता तिला जमत नाही.

मी सरळ नाही म्हणाले. त्या रागावल्या नाहीत, किल्ली तेवढी कनवटीला लावली. दरवाजाच्या फटीतून रुमालांची शेकडो गाठोडी दिसत होती. दीडशे-दोनशे वर्षं कुणी न सोडलेली! तासभर तळमळले आणि चावला विडा. वाटीत थुंकले. पलंगावरच्या त्या म्हाताऱ्याने दोन बोटांनी माझा चोथा उचलला, तोंडात घातला, डोळे मिटले. हनुवटीवरून लाल ओघळ आला तो शर्वरीने हसत पुसला.

चार वेळा चूळ भरली. किल्ली मिळाली. माझीच मला लाज वाटते.

१४ जानेवारी, संक्रांत

जयपूरहून निलयचे चार-पाच मित्र पतंग उडवायला आलेत. गच्चीत गाणी, दारू, जिलब्या. फाटकाबाहेर गाव थंडीत बसलंय. ही मंडळी दुर्बिणीतून त्यांच्याकडे बघतात, कोण आधी उठेल यावर पैजा लावतात. एकाने अर्धी खाल्लेली जिलबी त्यांच्या दिशेने भिरकावली. मी तोंड फिरवलं. तरी मी त्यांच्यातच बसले होते, हेही लिहायला हवं.

तिळाचा लाडू चावला आणि पुढे पोकळ लागलं. टवक्याचा दात नाही! दुखलं नाही, रक्त नाही. लाडवात खडा असणार. दात गिळला की काय, देव जाणे.

१६ जानेवारी

गायरानावरून जिल्हाभर पेटलंय. इंटरनेट बंद, बस बंद, जमावबंदी. मित्रमंडळी इथेच अडकली आणि त्यांना त्याची मजा वाटते. विडा आता दिवसातून तीनदा द्यावा लागतो. आज आणखी सहा दात गेले. हलत नाहीत, ठणकत नाहीत, विडा थुंकला की जागा रिकामी.

संध्याकाळी आबासाहेबांनी जांभई दिली. खालच्या हिरडीवर सात पांढरे ठिपके. मधल्या दाताचा टवका उडालेला होता.

तो माझा दात आहे. त्यावर त्याची लाळ आहे.

१७ जानेवारी

मी आता विडा देणार नाही, असं सकाळी ठणकावून सांगितलं. कुणी जबरदस्ती केली नाही. आईसाहेबांनी तबक समोर ठेवलं आणि निघून गेल्या. कात, चुना, वेलदोडा... माझ्या तोंडाला पाणी सुटलं. कुत्र्याला सुटतं तसं. हात माझाच गेला. कुणीही धरला नव्हता.

आबासाहेब बोलायला लागलेत. आवाज त्यांचा, बोलणं माझ्या आईचं. ‘गप गुमान बस की गं,’ म्हणाले. साताऱ्याहून इतक्या लांब मला हे कुणी म्हणालं नव्हतं.

१८ जानेवारी

दफ्तरात सापडलं. लाल रुमालात वेगळं बांधलेलं.

सव्वाशे-दीडशे वर्षांत चार नोंदी, प्रत्येक दंग्याच्या वेळची एक. मजकूर तोच : विडा अमकीने दिला. बत्तीस पुरे झाले. हिंदुरावांची स्वारी उठून वेशीवर गेली, बोलली. गर्दी मोडली. पुढे त्या लोकांत कोणी बोलता राहिला नाही, पोरेसोरेसुद्धा मुकी झाली.

चारही वेळा हिंदुरावच. शेवटची नोंद तीस वर्षांपूर्वीची. विडा देणारी द्वारका.

स्वयंपाकघरात गेले. तिने पहिल्यांदा पदर काढला, तोंड उघडून दाखवलं आणि माझ्या गालावरून हात फिरवला. ती रडत होती. मला तिच्या ओल्या हिरड्यांची शिसारी आली. आपल्या हिरड्यांची कधी येणार?

१९ जानेवारी

आईला फोन केला. आई, मी मैथिली, म्हणाले. म्हणाले ते तिच्यापर्यंत काय पोचलं कोण जाणे. कोण बोलतंय, म्हणाली. मग राँग नंबर. ठेवला.

पाच राहिलेत.

२० जानेवारी

पहाटे फाटकापर्यंत गेले. कुलूप. गजांतून कागद दिला गौतमीबाईंना, हिंदीत लिहिलेला, सगळं. लोकांना घेऊन जा, म्हणून. त्यांनी दोनदा वाचला. माझ्या तोंडाकडे बघितलं. वेडी म्हणाल्या नाहीत. हात धरला — माझा लाळेने बरबटलेला हात धरला त्यांनी.

पण लोकांना उठवता येणार नाही म्हणाल्या. परवा सकाळी दहाला सरकारी मोजणीवाले येणार, बंदोबस्त घेऊन. फाटक उघडावंच लागेल. जागा सोडली तर गायरान गेलं. तोवर सांभाळ, मी तुला बाहेर काढते.

दहा वाजेपर्यंत तो उठता कामा नये. बस्स.

२१ जानेवारी

संपले. अठ्ठाविसावी दाढ दुपारी गेली.

आबासाहेब उठून बसले. उठून बसले, उभे नाही! पाय उचलेना. आईसाहेब मोजतात, पुन्हा मोजतात. निलय शर्वरीवर खेकसला, बत्तीसवाली क्यूँ नहीं देखी. चार कमी.

मी हसले. बोळक्याने हसले त्यांच्या तोंडावर. गावातली पोरं वाचली. माझ्या अर्धवट तोंडाने वाचली.

खोलीला बाहेरून कडी घातलीय. असू दे.

२२ जानेवारी

सात. हिरडी ठणकतेय. मागे, उजवीकडे.

थंडीने असेल —

साडेसात. बोट घातलं. टोक लागलं. टणक.

डॉक्टर म्हणाले होते येणार नाहीत —

आठ. दुसरी. डावीकडून फाडत येतेय. रक्त. आता रक्त येतंय. गिळते. थुंकायचं नाही काही, काही थुंकायचं नाही.

तिसरी.

खिडकीतून दिसतात. गौतमीबाई पुढे बसल्यात, मांडीवर कुणाचं तरी मूल. ते काहीतरी गातंय. चांगलं गातंय.

नऊ. चारही आल्या. कडी निघाली. द्वारका तबक घेऊन — मान वर करत नाही. मागे आईसाहेब, वाटी. जिन्यात तो. माझ्या आईसारखा हाक मारतोय, मैथिले, अगं मैथिले.

वास येतोय. वेलदोडा. लाळ वहीवर पडतेय, पुसवत नाही. उजव्या हातात पेन आहे. डाव्याने उशी तोंडावर धरलीय. धरलीय.

एक तास. एकच. गौतमीबाई, दहा वाजेपर्यंत मी तोंड उघडणार नाही. मी तोंड उघडणार